सय्यद सरांनी सोडलेले पाच प्रश्न

आमच्या कॉलेजच्या हजेरीपुस्तकात वेळ उलटी चालायची, आणि त्याला कारण एकटे सय्यद सर. कॉलेज दहाचं. आम्ही बाकीचे सगळे पावणेअकराला उगवलो तरी सहीपुढे ‘१०.००’ लिहून मोकळे व्हायचो. सय्यद सर मात्र आधी भिंतीवरचं घड्याळ बघायचे, मग मनगटावरचं, दोन्हींत फरक निघाला तर मधली वेळ काढायचे आणि लिहायचे, ‘१०.०७’. त्यांच्यानंतर येणारा पुन्हा ‘१०.००’. एकदा तपासणीला आलेल्या समितीतल्या साहेबांनी पानं चाळली आणि विचारलं, “हे एकच गृहस्थ रोज उशिरा येतात का?” प्राचार्य काय बोलणार? ‘हो’ म्हणाले. सय्यद सरांना उशिरा येण्याबद्दल लेखी समज मिळाली. त्यांनी लेखी उत्तर दिलं, ‘समज योग्य आहे. मोपेडचा प्लग बदलला आहे.’ दुसऱ्या दिवशी त्यांची वेळ होती ९.५८. आम्ही त्याखाली दहाच लिहिलं, पण त्या दिवशी पहिल्यांदा त्या पुस्तकातली वेळ सरळ चालली.

मी जाधव, प्राणिशास्त्राची. सर वनस्पतिशास्त्राचे. दोन्ही प्रयोगशाळा समोरासमोर, मध्ये व्हरांडा. चौदा वर्षं त्या व्हरांड्यातून मी या माणसाला पाहिलं. अंगाने किरकोळ, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. शर्टाच्या खिशात भिंग, तेही दोरीने काजाला बांधलेलं. मूळचे पिशोरचे. तीसेक वर्षं शहरात काढली तरी त्यांचं बोलणं पिशोरहून सुटणाऱ्या सकाळच्या एसटीतलंच राहिलं. वर्गात मराठी, घरी बायकोशी, म्हणजे आमच्या भाभींशी, दखनी, आणि मोपेडने दगा दिला की दोन्ही भाषांतलं निवडक.

वाचणाऱ्याला आता वाटेल की माणूस फारच धुतल्या तांदळासारखा असणार. तसं नव्हतं. सर दिसेल ते पेन खिशात घालायचे. सही करायला म्हणून घेतलं की ते पेन त्यांचं झालं. वर्षातून एकदा, ईदच्या आधी, भाभी त्यांचे सगळे शर्ट झटकायच्या आणि एक मोठी पिशवीभर पेनं कॉलेजात परत यायची. आणि कॅरम! स्टाफरूममध्ये दुपारच्या सुट्टीत कॅरम चालायचा. त्यात हा माणूस सरळसरळ चोरी करायचा. “अरे, ते बघा कोण आलं,” असं दाराकडे बघून म्हणायचे आणि करंगळीने राणी भोकाच्या तोंडाशी सरकवायचे. मी एकदा रंगेहाथ पकडलं. सर जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, “मॅडम, ह्यात कोण पास-नापास व्हतंय?”

पास-नापासाची गोष्ट आली की मात्र त्यांच्यातला कॅरमवाला कुठल्या कुठे जायचा. कुणा मुलाने फाडफाड उत्तर दिलं की सर सगळं ऐकून घेत, मान डोलवत आणि विचारत, “बराबर. आता ह्यात तुझं काय?” मुलं या एका प्रश्नाला जेवढी घाबरत तेवढी विद्यापीठालाही घाबरत नसत. हुशार मुलं पाठांतर करून यायची आणि या वाक्यावर आपटायची. एखादा गावाकडचा पोरगा घाबरत म्हणायचा, “सर, आमच्या वावरात असलं पिवळं पान मी बघितलंय, पण ते खालून पिवळं होतं, पुस्तकात वरून दिलंय.” की सरांच्या मिशा हलायच्या. त्या पोराला पुढे बोलावून, भिंग काढून, पान नसतानाही दोघं जण त्या पानाकडे बघत बसायचे.

मग लॉकडाऊन आला आणि परीक्षा घरोघरी गेल्या. आम्ही सगळे एका अर्थाने सुटलो. मुलं उत्तरं लिहून फोटो काढून पाठवणार, आम्ही ते बघून, किंवा न बघून, गुण देणार. मी एका संध्याकाळी टीव्ही बघता बघता सत्तर पेपर तपासले हे इथे कबूल करते. सगळ्यांना बरे गुण दिले. मुलं खूश, पालक खूश, प्राचार्य तर फारच खूश.

सय्यद सरांनी प्रश्न दिला होता, ‘तुमच्या परिसरातील एका परजीवी वनस्पतीचे निरीक्षण लिहा.’ चाळीस उत्तरं आली. मी त्या दिवशी आळीपाळीच्या ड्यूटीला कॉलेजात होते. सर व्हरांड्यातून मला हाक मारत आले, हातात मोबाइल. “मॅडम, एक चमत्कार बघा. आपल्या वर्गातल्या चाळीसच्या चाळीस पोरांच्या घरामागं विहीर हाय. चाळीस विहिरींपाशी चाळीस लिंबाची झाडं. चाळीस झाडांवर बांडगूळ. आन् ते बांडगूळ चाळीस जणांचा मोठा भाऊ दरसाली कोयत्यानं काढतो.”

“सर, द्या पाच-पाच गुण आणि सोडा,” मी म्हटलं.

“देतो की. आधी विहिरी मोजून घेतो.”

त्यांनी एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. फोनचा आवाज कमी कसा करायचा हे त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे माझ्या प्रयोगशाळेतल्या बरणीतल्या बेडकांनीही ती चौकशी ऐकली असणार.

“विहीर किती खोल हाय रं तुझी?”

“असंल सर, चाळीस फूट.”

“राहतो कुठं तू?”

“औरंगपुऱ्यात, सर. दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्याला.”

“मग विहीर कितव्या मजल्याला हाय?”

मग दुसरा फोन, एका मुलीला. “तुझा मोठा भाऊ कोयता घेऊन झाडावर चढतो म्हणं. दे बरं त्याला फोन.”

“सर, मला भाऊ नाही.”

“मग चढतं कोण?”

असं करता करता सर मूळ विहिरीपाशी पोचले. वैजापूरकडची रोहिणी नावाची मुलगी. तिच्या आवाजातच दम होता. “सर, विहीर आमचीच आहे. भाऊपण माझाच आहे. पाहिजे तर या बघायला.”

“येईन की. उत्तर कुणाकुणाला दिलं?”

“एकीलाच दिलं सर, मैत्रिणीला.”

“आन् तिनं?”

“तीपण म्हणते मी एकीलाच दिलं.”

सरांनी चाळीसही जणांना नव्याने लिहायला सांगितलं. रोहिणीलासुद्धा. ती फोनवर रडकुंडीला आली. “सर, पण माझं तर माझ्या मनानं लिहिलेलं होतं!”

“व्हतं. आता ते चाळीस जणांचं झालं. तू नवं आण.”

मला हे फार झालं असं वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. देणाऱ्याचा काय दोष? सर म्हणाले, “दोष नाय. पण तिच्यापायी त्या मैत्रिणीचं बघायचं राहून गेलं ना. ती आता बांडगूळ म्हणजे काय ते लिहू शकती, पण समोर आलं तर वळखणार नाय.” मला तेव्हा हे बोलणं शिक्षकी वाटलं. मी मान हलवली आणि विसरून गेले.

पुढचे पंधरा दिवस सरांच्या मोबाइलवर फोटोंचा पाऊस. प्रत्येकाने आपापला परजीवी शोधून त्याच्याशेजारी उभं राहून फोटो पाठवायचा होता. औरंगपुऱ्यातला मुलगा चालत हिमायत बागेपर्यंत गेला आणि आंब्यावरचं बांडगूळ घेऊन आला, म्हणजे फोटोत. कुणाला कॉलनीच्या मेंदीच्या कुंपणावर अमरवेल सापडली. पिशोरच्या एका वात्रट कार्ट्याने बाजेवर झोपलेल्या आपल्या मामाचा फोटो पाठवला, ‘आमच्या परिसरात हाच आहे’ असं लिहून. सरांनी त्याखाली लाल अक्षरात शेरा मारला, ‘निरीक्षण चांगले. उदाहरण वनस्पतीचे हवे.’

या सगळ्यात एक गोष्ट सांगायची राहिली. सर स्वतः त्या वर्षी विद्यार्थी होते.

झालं असं, की त्यांची बढती अडली होती. सहयोगी प्राध्यापकाचे प्राध्यापक व्हायला त्यांच्या फायलीत सगळं होतं, फक्त एक ऑनलाइन कोर्स कमी होता. संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र, बारा आठवडे, शेवटी परीक्षा. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, म्हणजे त्यांच्या दृष्टीने ही शेवटची बॅच. तसं पाहिलं तर लोक आम्हा सगळ्यांनाच प्राध्यापक म्हणतात, फरक फक्त कागदावर असतो. पण सरांना कागदावरचा फरक तोंडातही पाळायची सवय. पिशोरला गेले की पारावरचे लोक म्हणायचे, “आले का प्रोफेसर!” आणि हे दर वेळी थांबून सांगायचे, “प्रोफेसर नाय, असोसिएट.” लोक म्हणत, तेच ते. हे म्हणत, तेच नाय. एकदा मला म्हणाले, “मॅडम, लई वर्सं झाली हे चालू हाय. एकदा तरी गावात कुणी प्रोफेसर म्हणावं आन् मी गप ऱ्हावं, एवढंच पायजे मला.” हसत म्हणाले, पण ते त्यांना खरोखर हवं होतं. त्या दिवसापासून मलाही ते त्यांच्यासाठी हवंसं वाटायला लागलं.

त्याच कोर्सला आम्ही कॉलेजातले दहा-अकरा जण होतो. आम्ही तो कसा केला ते सांगते. व्हिडिओ सुरू करायचा, आवाज बंद करायचा आणि मोबाइल फ्रीजवर ठेवून पोळ्या लाटायच्या. व्हिडिओ संपला की तिथे हिरवी खूण यायची. दर आठवड्याच्या चाचणीची उत्तरं ‘ज्ञानसाधना’ नावाच्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडायची. ती कोण सोडवायचं, देव जाणे. कुणाच्या तरी पुतण्याचा पुण्यातला मित्र, असं ऐकून होतो. ग्रुपवर पुढे हात जोडलेल्या आकृत्या आणि ‘धन्यवाद सर, खूप ज्ञानवर्धक’.

सय्यद सर या ग्रुपात नव्हते. ते सकाळी सात वाजता अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसायचे. व्हिडिओतल्या प्राध्यापकांनी ‘नमस्कार’ म्हटलं की हेही ‘नमस्कार सर’ म्हणायचे. मधे फोन आला तर भाभी सांगायच्या, “क्लास में हैं.” व्हिडिओ मधेच थांबवता येतो हे त्यांना तिसऱ्या आठवड्यात कळलं, तोवर ते पाणी प्यायलाही उठले नव्हते. संख्याशास्त्र त्यांच्या डोक्यावरून जायचं. झाडाचं पान बघून झाडाची तब्येत सांगणारा माणूस, पण आकड्यांची सूत्रं आली की त्यांचा चेहरा फीच्या रांगेत चुकीच्या खिडकीवर उभ्या राहिलेल्या मुलासारखा व्हायचा. चाचणीत दहापैकी तीन, कधी चार.

एक दिवस त्यांनी कोर्सच्या चर्चेच्या पानावर लिहिलं, ‘पाचव्या आठवड्यातील दुसऱ्या व्हिडिओत फळ्यावरील शेवटून तिसऱ्या ओळीत वजाबाकी चुकली आहे, तरी कृपया पाहावे.’ दोन दिवसांनी कोर्स चालवणाऱ्या बाईंचा थेट फोन आला. सर घाबरले, आपलं काही चुकलं की काय. बाई म्हणाल्या, “सर, चूक आहे खरी. पण तुम्ही तो व्हिडिओ तिथपर्यंत पाहिलात?”

“पाह्यचा नव्हता का?” सरांनी विचारलं.

अखेर परीक्षेचा दिवस आला. पन्नास प्रश्न, दोन-दोन गुणांचे, घरूनच द्यायची, पन्नास गुणांना पास. आदल्या दिवशी मी सरांना फोन केला. आडून आडून म्हटलं, “सर, उद्या काही लागलं तर मी पाठवू का?”

ते लगेच समजले. “नका पाठवू. पाठवलं तर मी बघीन. मी काय फरिश्ता नाय, मॅडम. पायात पाय अडकवू नका.”

दुसऱ्या दिवशी पेपर सुरू झाल्यावर दहा मिनिटांत ग्रुपवर उत्तरं आली. मी माझी भरली. आणि मग मला पिशोरचा पार आठवला. ही शेवटची बॅच. एक माणूस, ज्याला आपल्या गावात एकदा गप राहायचंय. मी तो मेसेज बोटाने दाबून धरला, सय्यद सरांचं नाव निवडलं आणि पाठवून दिलं. त्या क्षणी मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटलं होतं, हे खोटं सांगत नाही.

निकाल लागला. मला ब्याण्णव. आम्हा दहाही जणांना ब्याण्णव. सय्यद सरांना चव्वेचाळीस.

मला त्यांचा रागच आला. एवढं ताटात वाढून दिलं तर घ्यायला काय झालं होतं? सर काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. वर्षभराने निरोपसमारंभ झाला. प्रमुख पाहुणे कुठल्याशा संस्थेचे पदाधिकारी. त्यांनी माइकवरून सुरुवातच केली, “आदरणीय प्रोफेसर सय्यद...” आणि सत्कारमूर्ती हार गळ्यात घेऊन खुर्चीतून उठले. पाहुण्यांना वाटलं, नमस्कार करायला उठलेत. सर म्हणाले, “माफ करा साहेब, असोसिएट.” सभागृह हसलं. मी हसले नाही.

त्या समारंभाचे फोटो द्यायला मी त्यांच्या घरी गेले. तिथे भाभींनी मला परीक्षेच्या दिवसाची गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना त्या हसून हसून सोफ्यावर आडव्या व्हायच्या बाकी होत्या.

“क्या बताऊँ मैडम! इनों बोले, नेट फोन से आ रा, तू फोन पकड़ के बावर्चीखाने में बैठ, मेरे सामने नक्को ला. मैं बैठी. थोड़ी देर में टुंग करके बजा. मैं बोली, अजी, मेसेज आया. इनों बोले, रहने दे. मेरे कू लगा, इम्तिहान का कुछ जरूरी होंगा. मैं यहीं से पढ़ने लगी, पहला बी, दूसरा डी, तीसरा ए... इनों कान पे हाथ रख के चिल्लाए. मैं समझी सुनाई नै दे रा, तो मैं और जोर से पढ़ी!”

मी हसत होते. “मग?”

“पाँच तक पढ़ी, फिर दौड़ते आए, फोन छीन लिए.”

सर मान खाली घालून शेंगा सोलत होते. म्हणाले, “त्यातला एक प्रश्न मला येत व्हता. बहुतेक दोन. पण येत व्हता का ऐकला, हे आता कोण ठरवणार? पाचही कोरे सोडले. पुढचे पंचेचाळीस सोडवले.”

मी मनातल्या मनात हिशेब केला. पाच प्रश्न म्हणजे दहा गुण. चव्वेचाळीसला सहा कमी पडले होते.

“आणि मेसेज कुणाचा होता, भाभी?” मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. उत्तर मला माहीतच होतं.

“लो! आप का ही तो था!” भाभी प्रेमाने म्हणाल्या आणि माझ्या ताटलीत आणखी एक गुलाबजाम घातला.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी काहीबाही माफी मागायला लागले. सरांनी शेंगांची वाटी माझ्याकडे सरकवली. “तुम्ही चांगल्यासाठीच पाठवलं. मी नाय म्हणलो व्हतो, ते तेवढं ऐकायचं राह्यलं तुमच्याकडून. जाऊ द्या. खा.” त्यांच्या आवाजात खरंच राग नव्हता. त्यामुळेच तो गुलाबजाम मला गिळवेना.

त्यानंतर सर दिसेनासे झाले. अधूनमधून पिशोरला असतात, असं ऐकायचे. मी फोन करायचं टाळत राहिले.

मग एका रविवारी माझ्या मुलीचा कसलासा पेपर होता, चिकलठाण्याच्या पुढच्या एका परीक्षा केंद्रावर. पेपर सुटायच्या सुमारास तिला घ्यायला गेले. गेटबाहेर स्कूटीवर बसून वाट बघत होते, तर आतून पोरांच्या लोंढ्याबरोबर इस्त्रीचा शर्ट आणि मिशा. हातात हॉलतिकीट, पारदर्शक पाण्याची बाटली, पायात स्लिपर, कारण आत बूट चालत नव्हते.

“सर! तुम्ही इथे?”

“आपला तोच पेपर,” सर म्हणाले, जणू आम्ही काल संध्याकाळीच भेटलो होतो. “आता केंद्रावर घेतात. लई कडक. खिसे तपासले, भिंग काढून घेतलं माझं.”

“पण सर, आता कशाला? आता तर निवृत्त झालात. त्या सर्टिफिकेटचा उपयोग काय?”

“उपयोग काय नाय. पण फेल ऱ्हावं लागलं असतं ना तसंच.” मग एकदम जवळ आले आणि डोळे बारीक करून म्हणाले, “बरं झालं तुम्ही भेटलात. एक प्रश्न सुटलाच नाय मला. नमुना दुप्पट घेतला तर चूक निम्मी व्हायला पायजे की नाय? तर ते म्हणतात, चूक निम्मी करायची तर नमुना चौपट घ्या. चौपट का वो? हे मी तीन वेळा बघितलं व्हिडिओत, डोक्यात शिरंना. तुम्ही सांगा.”

“मी?”

“तुम्हीच की! त्या दिवशी तुम्ही दहा मिनिटांत पन्नासच्या पन्नास सोडवून, वर मला पाठवले. मी घरी हिला म्हणलो, जाधव मॅडमचं डोकं बघ. आपल्याला बारा आठवडे पुरले नाय.”

ते चेष्टा करत नव्हते. मी नीट बघितलं. पोरांच्या बाबतीत एवढा तिखट असलेला हा माणूस माझ्याबद्दल इतके दिवस हे खरं मानून बसला होता. भोवतीने पोरं जात होती, रिक्षावाले ‘सिडको, सिडको’ ओरडत होते. ‘बघून सांगते’ असं म्हणता आलं असतं. शब्द ओठांवर आलाही होता.

“सर, ती उत्तरं माझी नव्हती. ग्रुपवर आली होती. मी पुढे ढकलली. मी त्या कोर्सचा एकही व्हिडिओ पाहिलेला नाही.”

“एकबी नाय?” सरांनी विचारलं.

“नाही.”

“पयला पण नाय?” त्यांना ते खरोखर पटत नव्हतं. “अवो, पयला लई सोपा व्हता.”

चाळिशी ओलांडलेली बाई, नावापुढे डॉक्टर, आणि कान लाल झालेले. सरांनी थोडा वेळ मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “म्हंजी तुम्हालाबी येत नाय, मलाबी येत नाय. मग कुणाला तरी विचारायला लागंल.”

आणि ते सरळ पोरांच्या गर्दीत शिरले. पहिल्या मुलाने खांदे उडवले. दुसऱ्याला घाई होती. तिसरी एक चुणचुणीत मुलगी थांबली. सरांनी प्रश्न सांगितला. तिने त्यांच्याच हातातलं हॉलतिकीट घेतलं, उलटं केलं आणि पेन मागितलं. पेन अर्थातच सरांकडे नव्हतं, खिसे तपासले होते ना. कुणीतरी दिलं. ती चौकोन काढायला लागली, एक लहान, एक मोठा. सर तिच्या हाताकडे वाकून बघत होते. “थांब, थांब. चौकोनाची बाजू दुप्पट केली तर आतली घरं चौपट का? हां... हां. पुन्हा सांग बरं, सावकाश.” अजून दोघं-तिघं पोरं थांबली, त्यांनाही बहुतेक तो प्रश्न सुटला नव्हता.

निकाल नंतर लागला. सर पास झाले, छप्पन गुण. पिशोरच्या पारावर ते अजून असोसिएटच आहेत. पण मला सर आठवतात ते त्या दिवशीचे, स्लिपर घालून, विशीतल्या पोरांच्या घोळक्यात मान वाकवून उभे.

मी स्कूटी स्टँडवर लावली आणि त्या घोळक्यात शिरले. “मला दिसत नाहीये,” मी त्या मुलीला म्हटलं, “पहिल्यापासून सांगशील का?”